कोल्हापुरातला व्हॅम्पायर: कथामालिकेसाठी स्वतःची पिशाच्चकथा कशी रचायची

लसणाला घाबरणारा व्हॅम्पायर कोल्हापुरात आठवडाभरसुद्धा टिकायचा नाही. उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी करून बरण्या भरून ठेवणारं हे गाव. तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या रिचवलेल्या माणसाच्या गळ्याला तोंड लावायची त्या बिचाऱ्याची काय छाती? आणि रक्ताचं म्हणाल तर तेही इथं कुणाला नवं नाही. मटणाच्या ताटातली परतलेली रक्ती मिटक्या मारत खाणाऱ्याला ‘तो रक्त पितो’ एवढं सांगून घाबरवता येत नाही.

म्हणून बाहेरच्या नियमांची यादी जशीच्या तशी उचलून रंकाळ्याच्या काठावर ठेवली की भयकथेची विनोदी कथा होते. विनोदीच लिहायची असेल तर उत्तम. पण तीन-चार भागांची, अंगावर येणारी मालिका डोक्यात असेल तर प्राणी इथल्याच मातीतून वर काढावा लागतो. तो कसा काढायचा, ते एक नमुना घडवता घडवता सांगतो. नमुना तुम्ही वापरू नका, पद्धत वापरा.

आधी जुने नियम उसवून बघा

आपण ज्याला व्हॅम्पायरचे ‘मूळ’ नियम समजतो, त्यातले बरेच मूळ नाहीत. ऊन लागलं की तो जळून मरतो, हे घ्या. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला सरदार दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. उन्हात त्याची ताकद कमी होते, इतकंच. उन्हानं मरणारा व्हॅम्पायर रूढ झाला तो १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून. म्हणजे ज्या नियमाला आपण हात लावायला घाबरतो, तो कुणीतरी आपल्या गोष्टीच्या सोयीसाठी केलेला होता. तुम्हालाही तो हक्क आहे.

त्याच्याही मागे जा. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली आणि लोकांनी कबर उकरली. तिथल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं अहवाल पाठवला, तो व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. १७३२ मध्ये मेदवेजा गावच्या अशाच प्रकरणावर लष्करी वैद्यांनी सह्या केलेला अहवाल निघाला आणि सगळ्या युरोपात चर्चा पेटली. प्रेतं ‘ताजी’ दिसली, तोंडाला रक्त होतं, नखं वाढली होती, असं त्यात लिहिलंय. आज कारणं माहीत आहेत: कुजताना आत वायू साठून प्रेत फुगतं, नाकातोंडातून काळपट द्रव येतो, कातडी आकसली की नखं लांब झाल्यासारखी वाटतात. शेवटी १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटनच्या अहवालावरून हे कबरी उकरण्याचे प्रकार बंद केले.

या सगळ्यात मला आवडणारा तपशील वेगळाच आहे. ब्लागोयेविचची बायको म्हणाली की तो मेल्यावर घरी आला आणि त्यानं आपले जोडे मागितले. वर्तमानपत्रात गाजलेला जवळजवळ पहिलाच व्हॅम्पायर, आणि स्वतःच्या घरी तो रक्त मागायला आला नाही. आपल्या मालकीची वस्तू न्यायला आला. आपला नमुना मी इथूनच उचलतोय.

गावाला कशाचं भय आहे, ते शोधा

दात, पंख, डोळ्यांचा रंग हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा विचारा: या गावात कोण कुणाकडून काय ओढून घेतं, आणि तेही उघड, कागदावर, सगळ्यांच्या देखत?

कोल्हापूर जिल्ह्यापुरतं माझं उत्तर आहे उसनवारी. सावकारी आहेच. पण ऊसतोडीचा हंगाम बघा. बीडकडची जोडपी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन येतात आणि हंगामभर ती फेडत राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’च म्हणतात, माणसाचं नाव जातं, हत्याराचं उरतं. बाकी घरांतही कुणाचा हात कुणाच्या दगडाखाली असतोच.

तर आमच्या प्राण्याला गावात म्हणतात ‘घेणेकरी’. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द एखाद्या कॉलेजकुमाराच्या तोंडी एकदा येऊ द्या आणि बाकीच्यांना त्याच्यावर हसू द्या.

नियम एकच करा, बाकीचे त्यातून निघू द्या

नवा लेखक इथं घसरतो. वहीत वीस नियम लिहितो: आरशात दिसत नाही, चांदी सोसत नाही, उंबरा ओलांडत नाही, वाहतं पाणी ओलांडत नाही. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तिसऱ्या भागापर्यंत त्याचाच घोटाळा होतो आणि वाचक पत्रं लिहून विचारायला लागतात.

घेणेकऱ्याचा एकच नियम: ज्यानं त्याच्या हातून काही फुकट घेतलं, त्याचंच रक्त तो पिऊ शकतो.

युरोपी कथांत व्हॅम्पायरला घरात बोलवावं लागतं. इथं उलट आहे, बोलावणारा तोच आहे. आणि ‘नको’ हे उत्तर पाहुणचारात धरलंच जात नाही अशा गावात तो बोलावतोय. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून दिलेलं धारोष्ण दूध प्यायला रात्री माणसं जमतात. तिथं एक म्हातारा पेला पुढं करतो:

“घे की पोरा. निवंल ते.”

“नको काका, आत्ताच जेवून आलोय.”

“आरं, पैसं कोण मागतंय तुला?”

दात नाहीत, काळा झगा नाही. पण नियम माहीत असलेल्या वाचकाला या तिसऱ्या वाक्याला कापरं भरलं पाहिजे. दुसऱ्या भागापर्यंत तुमचा वाचक प्रत्येक चहाकडे संशयानं बघायला लागला, तर पाया पक्का झाला असं समजा.

आता त्या एका नियमाला पिळा. उसनं आहे म्हणजे हिशेब आहे. हिशेब आहे म्हणजे वही आहे. घेणेकरी लाल कापडात बांधलेली वही बाळगतो आणि तिच्यात नाव चढल्याशिवाय त्याची तहान जागी होत नाही. हिशेबी आहे म्हणजे मोजल्याशिवाय त्याला राहवत नाही. पूर्व युरोपात थडग्यावर खसखस किंवा बाजरीसारखे बारीक दाणे टाकत, कारण व्हॅम्पायर ते मोजत बसतो अशी समजूत होती. आपल्याकडे दृष्ट काढताना मीठ-मोहरी असतेच. आजी उंबऱ्यावर मूठभर मोहरी टाकते, का टाकते ते तिलाही सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येतं, आणि ते पहिल्या भागात सांगायचं नाही.

मग पळवाटा तपासा, निर्दयपणे. लगेच पैसे मोजले तर? तो व्यवहार पुरा झाला, माणूस सुटला. म्हणजे हॉटेलात बिलावरून होणारी ‘मी देतो, मी देतो’ची झोंबाझोंबी अचानक जिवावरची होते. मोटरसायकलवरून दिलेली लिफ्ट? फुकट, म्हणून धरायची. देवळातला प्रसाद? माझा कौल: नाही, कारण देणारा माणूस तिथं फक्त हात असतो. वाटेत सापडलेली नोट? इथं मी अडतो, आणि जिथं लेखक अडतो तिथं बहुधा एखादं चांगलं प्रकरण दडलेलं असतं.

फेड कशी होते, हेही आत्ताच ठरवा. घेतलं तेवढंच परत दिलं की सुटका, असं केलंत तर गोष्ट पहिल्याच भागात संपेल. व्याज लावा.

थोडं गणित, कारण वाचक ते करणारच

चावलेला प्रत्येक माणूस व्हॅम्पायर होतो, हा नियम घेतलात तर कागद-पेन्सिल घ्या. एका व्हॅम्पायरपासून सुरुवात केली, दर महिन्याला प्रत्येकानं एकालाच चावलं, तरी संख्या दर महिन्याला दुप्पट होते. वर्षात ४,०९६. विसाव्या महिन्यात दहा लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख होती. बाविसाव्या महिन्यात जवळपास ४२ लाख, म्हणजे सगळा जिल्हा संपला. मालिकेचा दुसरा भाग लिहायला तुम्ही शिल्लक राहणार नाही.

तेव्हा संसर्ग तरी काढून टाका, नाहीतर त्याला जबर किंमत लावा. घेणेकरी एका वेळी एकच असतो, असं मी धरलंय.

भुकेचंही तसंच. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात आणि पुरुषांनी दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं. आता घेणेकऱ्याला लपून राहायचंय, गावात मुडदे पडून चालणार नाहीत. रोज रात्री एकाचं, रक्तदानाएवढंच प्यायचं ठरवलं तर पुन्हा त्याच माणसाकडे यायला नव्वद दिवस हवेत. म्हणजे त्याला किमान नव्वद देणेकरी लागतात. एवढ्या लोकांनी त्याच्याकडून काहीतरी घेतलेलं असायचं तर तो गावात लोकप्रिय असला पाहिजे. मदतीला धावणारा, वर्गणी देणारा, तालमीच्या पोरांना खुराक पुरवणारा. पात्र असं गणितातून उभं राहिलं की त्याला रंग द्यायची वेगळी धडपड करावी लागत नाही.

जन्मकथा: एक खरी तारीख, तीन खोट्या आवृत्त्या

इतिहासाला एकच खुंटी ठोका, पण ती खरी असू द्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, पुणे-नगर भागात दंगे पसरले, आणि ठिकठिकाणी कर्जरोखे आणि वह्या हुडकून जाळल्या गेल्या. हेच दख्खनचे दंगे. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला.

आमची कथा इथं शिरते. त्या जाळपोळीतून एका गुमास्त्यानं एक वही वाचवली आणि ब्रिटिश मुलूख सोडून तो दक्षिणेला, करवीर संस्थानात आला. रोखे जळाले पण देणं जळत नाही, अशी त्याची पक्की समजूत. पैशाचं देणं वसूल करता येईना, तेव्हा तो दुसऱ्या चलनात वसूल करू लागला. आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव त्याचं स्वतःचं आहे. तो कुणाचं देणं लागतो, हे मालिकेचं गुपित. ते शेवटच्या भागापर्यंत जपा.

इथं थांबून एक इशारा. ज्यांच्या वह्या जळाल्या ते बहुतेक मारवाडी आणि गुजराती सावकार होते. रक्त पिणारं पात्र एखाद्या जातीच्या किंवा समाजाच्या गळ्यात बांधणं सोपं असतं, आणि घाणेरडंही. युरोपात ज्यूंवर रक्ताचे खोटे आळ घेऊन किती कत्तली झाल्या, ते वाचा. म्हणून माझा प्राणी सावकार नाही, त्याचा कारकून आहे. त्याचं आडनाव प्रत्येक गावात वेगळं सांगतात. कुणीच खरं सांगत नाही.

जन्मकथा एकाच तोंडून येऊ देऊ नका. उत्तरेश्वर पेठेतली आजी एक सांगेल, निवृत्त तलाठी दुसरी, आणि घेणेकरी स्वतः तिसरी. तिन्ही एकमेकींना खोडून काढू देत. खरी कोणती हे तुमच्या वहीत असलं की पुरे.

भुतं आणि देव: कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही

आपल्याकडे भुतांची वानवा नाही. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, हडळ, खवीस, समंध. मोह होतो सगळ्यांना एका पंगतीला बसवायचा. बसवू नका. दोघेच निवडा आणि घेणेकऱ्याशी त्यांचं नातं ठरवा. उदाहरणार्थ, मुंजा त्याला घाबरत नाही, कारण मुंज झाली आणि लग्नाआधीच तो मेला. त्याच्या नावावर देणं चढायला वेळच मिळाला नाही.

वेताळाला व्हॅम्पायर करून टाकू नका, हे मात्र कळकळीनं सांगतो. परदेशी पुस्तकांत तशी गल्लत सर्रास दिसते. पण कथासरित्सागरातला वेताळ प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, रक्ताचा त्याला सोस नाही. आणि आपल्या गावागावांत तो शेंदूर फासलेला राखणदार आहे. कोल्हापुरात त्याच्या नावाची तालीम आहे. तिथल्या पोरांना कळलं तर भेटायला येतील.

देवीला पात्र करू नये, असं माझं स्पष्ट मत. अंबाबाई येऊन शेवटच्या पानावर राक्षस मारते, या शेवटाला कथा म्हणून ताण उरत नाही, आणि लोकांच्या श्रद्धेला उगाच धक्का लागतो तो वेगळाच. पण विधींकडून शिका. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात. तो असुराच्या वधाचं प्रतीक मानतात. रक्ताच्या जागी फळ चालतं, हा विचार इथल्या परंपरेतच आहे. मग घेणेकऱ्याच्या वहीत रक्ताच्या जागी दुसरं काही जमा करता येईल का? तुमच्या नायिकेला हा प्रश्न पडू द्या.

मांत्रिकाला तारणहार करायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. आजच्या काळातली गोष्ट असेल तर अघोरी उपाय करणारा माणूस पोलीस ठाण्यात जाईल. हे कथेला अडचणीचं नाही, उलट कामाचं आहे: नायिकेचे सोपे मार्ग बंद होतात.

जागा आणि पंचांग

हे काम नीट केलंत तर अर्ध्या घटना आपोआप सुचतात. भिंतीवर कालनिर्णय लावा आणि प्राण्याचं वर्ष आखा.

पावसाळ्याच्या तोंडाला लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, माणसाच्या डोक्यावर जातो. ती घेणेकऱ्याची लपण. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं, फड मोकळे होत जातात, आणि त्याला शहरात सरकावं लागतं. त्याच वेळी उचल घेतलेली माणसं जिल्ह्यात उतरतात.

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन, पाडव्याला नवी वही. जुनी बंद, नवी अजून उघडलेली नाही, या फटीत तो दुबळा असतो. आता किरणोत्सव आठवा: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या संध्याकाळी मावळतीची किरणं महाद्वारातून थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, कारण दोन्ही वेळी सूर्य जवळपास एकाच कोनात मावळतो. मंदिराला हात न लावता फक्त तो कोन घ्या. वहीतली शाई एरवी दिसत नाही, त्या तिरप्या उन्हातच वाचता येते, असं ठरवलं की वर्षात फार तर सहा संध्याकाळी उरतात, आणि ढग आले तर त्याही नाहीत. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतंय आणि दुसऱ्या दिवसापासून किरणोत्सव. असा योग फुकट मिळाला तर सोडू नका.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे कोल्हापूरकर क्रिकेटच्या धावफलकासारखे बघतात, त्यामुळे प्रकरणांना शीर्षकं म्हणून ते आकडेच पुरतात. २०१९ चा पूर इथल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. चिखली, आंबेवाडी पाण्यात. अनोळखी हात होडीत ओढून घेतात, अनोळखी हात भाकरी देतात. आणि आपला नियम काय होता? अशा रात्री गावंच्या गावं वहीत चढतील. दुसऱ्या भागाचा शेवट इथं आहे. फक्त एक सांभाळा: मदत करणाऱ्यांवर शिंतोडे उडता कामा नयेत. भय असं आहे की नियम कळलेली माणसं खऱ्या मदतीलाही ‘नको’ म्हणू लागतात.

भाषा

नव्वद टक्के निवेदन साधं ठेवा, बोली संवादात येऊ द्या. ‘नाद खुळा’ दर पानावर आला की पात्र रिक्षामागची पाटी होतं. घेणेकऱ्याला मात्र जुन्या दप्तराची भाषा द्या: बाकी, जमा, तगादा, हवाला, मुद्दल. तो धमकी कधीच देत नाही, आठवण करून देतो.

नोंदवही आणि उलटतपासणी

मालिकेसाठी दोन याद्या ठेवा: मला काय माहीत आहे, आणि वाचकाला कुठल्या भागापर्यंत काय कळलंय. पहिल्या भागात नियमाचा अर्धाच भाग उघडा. लोकांना वाटू द्या की तो फक्त कर्जदारांनाच धरतो. ‘फुकट’ची मेख दुसऱ्या भागात. एकदा छापलेला नियम पुढं मोडायचा नाही, पण पात्रांचा त्याबद्दलचा समज चुकीचा होता असं दाखवायला पूर्ण मुभा आहे.

लिहायला बसण्याआधी नियम दोन-तीन खडूस मित्रांना सांगा आणि म्हणा, यातून सुटून दाखवा. एखादा वकील असेल तर बेस्टच. तो पहिल्या पाच मिनिटांत विचारेल: देणेकरी मेला तर देणं वारसाकडे जातं का? पोटातल्या पोराचं काय? आईनं घेतलेलं पोराच्या नावावर चढतं का, आणि बारशाला पाळण्यात कुणी आहेर ठेवला तर तो घेतला कुणी, आईनं की बाळानं? याचं उत्तर पहिलं प्रकरण लिहायच्या आधी ठरवा, कारण तुमच्या नायिकेच्या स्वतःच्या बारशाला तो म्हातारा आला होता की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.